व्याघ्रांबरधारी इंग्रजीतून वाचताना: रुस्थावेलीच्या पाच अनुवादांची पारख

शोथा रुस्थावेली या मध्ययुगीन जॉर्जियन कवीचं ‘वेफ्ख़िस्त्क़ाओसानी’ (‘व्याघ्रांबरधारी’) हे महाकाव्य इंग्रजीच्या आधाराने अभ्यासायचं असेल तर पहिली प्रत मार्जोरी वॉर्ड्रॉप यांच्या गद्य अनुवादाची घ्यावी. हे पुस्तक १९१२ चं आहे. दुसरी प्रत लिन कॉफिन यांच्या २०१५ च्या पद्य अनुवादाची. बाकीचे तीन चांगले आहेत, पण ते नंतर वाचायचे. पहिल्याच खेपेला सोपं वाटेल ते पुस्तक घेतलं की गोष्ट कळते, काव्य मात्र हाती लागत नाही, आणि चाळीस-पन्नास पानांनंतर पुस्तक कपाटात जातं.

काव्य साधारण १२०० च्या आसपासचं, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या जवळपास शतकभर आधीचं. थामार राणीच्या काळातलं. तिची राजवट ११८४ ते १२१३, आणि जॉर्जियन लोक तिला ‘मेफे’ म्हणजे राजाच म्हणतात. चार-चार ओळींची सोळाशेच्या आसपास कडवी आहेत. अरबस्तानचा राजा रोस्तेवान मुलीला, थिनाथिनला, गादीवर बसवतो. शिकारीत ओढ्याकाठी वाघाचं कातडं पांघरून रडत बसलेला एक अनोळखी वीर दिसतो आणि नाहीसा होतो. थिनाथिन आपल्या प्रियकराला, सेनापती अवथांदिलला, त्याचा शोध घ्यायला पाठवते आणि तीन वर्षांची मुदत देते. तो अनोळखी वीर निघतो हिंदुस्थानचा राजपुत्र तारिएल. त्याची प्रिया नेस्तान-दारेजान हरवलेली आहे. हा हिंदुस्थान ऐकीव आहे, सात राज्यांचा. त्यात गोदावरी शोधू नये.

आता वॉर्ड्रॉपबाईंचं पुस्तक. बाई १८६९ मध्ये जन्मल्या, जॉर्जियन शिकल्या, वर्षानुवर्षं या अनुवादावर काम करत राहिल्या आणि १९०९ मध्ये गेल्या. भाऊ ऑलिव्हर वॉर्ड्रॉप यांनी तीन वर्षांनी तो रॉयल एशियाटिक सोसायटीकडून छापून आणला. अनुवाद गद्य आहे, पण प्रत्येक कडवं वेगळं आणि क्रमांकासह. तळटीपा भरपूर: मूळ जॉर्जियन शब्द, त्याचे फारसी-अरबी संबंध, तोच शब्द काव्यात आणखी कुठे येतो त्याचे कडव्यांचे क्रमांक. पुस्तक घ्यायचं ते या तळटीपांसाठी. इंग्रजी जुन्या बायबलच्या वळणाची आहे. त्याचा कंटाळा येतो हे खरं, पण एक फायदा होतो. जुन्या इंग्रजीत एकाला आणि अनेकांना वेगवेगळी सर्वनामं आहेत. जॉर्जियनमध्ये ‘शेन’ आणि ‘थ्ख्वेन’, आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’. अवथांदिल राजाशी बोलताना आणि तारिएलशी बोलताना कुठलं रूप येतं, हे मराठी माणसाला चटकन जाणवतं. आजच्या इंग्रजीत ते पुसलं जातं.

या पुस्तकाचे हक्क संपलेले आहेत. मरणोत्तर पुस्तकाला आपल्या कायद्यात प्रकाशनापासून ६० वर्षांचं संरक्षण असतं, ते केव्हाच सरलं. त्यामुळे ऑनलाइन बाजारात मागणीनुसार छापून देणाऱ्यांच्या प्रती ढीगभर आहेत, आणि फसगत तिथेच होते. त्या दोन प्रकारच्या असतात. एकात मूळ पानांची छायाचित्रं छापलेली असतात, ती चालते. दुसऱ्यात यंत्राने अक्षरं ओळखून मजकूर नव्याने जुळवलेला असतो. तिथे तळटीपा मजकुराच्या मधोमध घुसतात, कडव्याचा क्रमांक आणि टीपेचा क्रमांक एकमेकांत मिसळतात, ३ चा ८ होतो. आणि सगळ्यात मोठं नुकसान नावांचं. वॉर्ड्रॉपबाई ‘थ’साठी टी, त्यावर एक उलटी-सुलटी स्वल्पविरामासारखी खूण आणि मग एच लिहितात. ती खूण यंत्र गिळून टाकतं. मागवण्याआधी आतल्या पानांचे फोटो बघावेत. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टीपा दिसल्या तर घ्यावं. फोटोच दिले नसतील तर सोडून द्यावं.

त्याहून बरा उपाय नाशिकमध्ये सहज होतो. स्कॅन केलेली प्रत उतरवून घ्यावी आणि कॉलेज रोडवरच्या कुठल्याही बऱ्या झेरॉक्सवाल्याकडून छापून बांधून घ्यावी. प्रस्तावनेसह पुस्तक तीनशे पानांच्या आत आहे. मूळ आकार छोटा आहे, म्हणून ए-फोर कागदावर ११५ ते १२० टक्के मोठं करून छापायला सांगावं. पान पूर्ण भरेल इतकं ताणू नये, समास टिपणांसाठी हवा. छपाई शुद्ध काळी-पांढरी न ठेवता करड्या छटांत ठेवावी. शुद्ध काळ्यात त्या वरच्या खुणा उडतात आणि टीपांतली अक्षरं बुजतात. आधी तळटीपांनी भरलेलं एकच पान काढून बघावं, मग बाकीचं. दोन्ही बाजूंनी छापलं तर साधारण दीडशे कागद होतात. प्रत्येक कागदामागे एक कोरा घातला तर तीनशे, मग दोन भाग करावेत. स्पायरल बायंडिंग करावं, कारण पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहायला हवं. शेजारी दुसरा अनुवाद असतो. नुसत्या गोंदाने चिकटवलेली पाठ असं उघडलं की महिन्याभरात फुटते. आपल्याकडच्या पावसाळ्यात जाड पुठ्ठ्याला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात, त्यामुळे वर प्लास्टिकचं कव्हर बरं. हा मार्ग फक्त वॉर्ड्रॉपसाठी. बाकीच्या चारही अनुवादांचे हक्क चालू आहेत, ते विकतच घ्यावेत.

नावांचं थोडं अधिक सांगायला हवं, कारण इथे मराठी वाचक इंग्रज वाचकाच्या पुढे आहे. जॉर्जियनमध्ये व्यंजनांची तिहेरी रांग आहे: घोष, महाप्राण आणि घसा आवळून काढलेला कोरडा स्फोट. ब-फ-प, द-थ-त, ग-ख-क अशी ती आपल्या लिपीत जवळजवळ तशीच बसते. इंग्रजीत ‘त’ आणि ‘थ’ एकाच टीने लिहितात, म्हणून तारिएल आणि थिनाथिन सारख्याच अक्षराने सुरू होताना दिसतात. मुळात ती दोन वेगळी अक्षरं आहेत. देवनागरीत अवथांदिल, अस्माथ, फ्रिदोन, फातमान असं लिहिलं की उच्चार मुळाच्या जवळ जातो. ‘च’ आणि ‘ज’ यांचंही तेच. आपण ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च वेगळा म्हणतो, ‘जग’ आणि ‘जहाज’ यांतले ज वेगळे म्हणतो. जॉर्जियनमध्ये हे सगळे वेगळे ध्वनी आहेत आणि प्रत्येकाला वेगळं अक्षर आहे. मुख्य अडचण ‘ख’ची. महाप्राण ख आणि घशातला घर्षक ख अशी दोन अक्षरं तिथे आहेत. दुसऱ्याला नुक्ता देऊन ‘ख़’ लिहावं. वहीत पहिल्याच दिवशी नावांची ही यादी करून ठेवली की पाचही अनुवादांतली वेगवेगळी स्पेलिंगं त्रास देत नाहीत.

शब्दांचंही तसंच. ‘वाझिरी’ म्हणजे वजीर, ‘बुलबुली’ म्हणजे बुलबुल. ‘लाली’ हे लाल रत्न आपल्या जुन्या दागिन्यांच्या याद्यांत ‘लाल’ म्हणूनच येतं. प्रेमवेड्याला रुस्थावेली ‘मिज्नुरी’ म्हणतो आणि शब्द अरबी असल्याचं उपोद्घातातच सांगतो. मजनू म्हटलं की आपल्याला तळटीप लागत नाही.

दुसरी अडचण कडव्यांच्या क्रमांकांची. बहुतेक जण इथेच वैतागतात. कवीच्या हातची प्रत नाही, त्याच्या काळातलीही नाही. तारीख असलेली जुनी पूर्ण प्रत १६४६ ची आहे, मामुका थावाकालाश्विली यांनी उतरवलेली, सचित्र. म्हणजे मध्ये चारशे वर्षांहून अधिक काळ गेला आणि तेवढ्यात नकलणाऱ्यांनी कडवी वाढवली, शेवटाला पुरवण्या जोडल्या. १७१२ मध्ये राजा वाख़्तांग सहावा याने त्बिलिसीत पहिली छापील आवृत्ती काढली आणि स्वतःचं भाष्य जोडलं. पुढच्या प्रत्येक संपादकाने कुठलं कडवं अस्सल आणि कुठलं घुसडलेलं याचा आपापला निवाडा केला. ज्ञानेश्वरीच्या पाठात आपली ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवणं, असं नाथांनी शके १५०६ मध्ये पाठशुद्धी करताना बजावलं होतं. जॉर्जियात ती नरोटी उचलण्याचं काम अजून विद्वान करत आहेत. त्यामुळे दोन अनुवादांत एकाच कडव्याचा क्रमांक जुळेलच असं नाही. सुरुवातीला फरक थोडा असतो. प्रत्येक गाळलेल्या किंवा ठेवलेल्या कडव्यागणिक तो वाढत जातो.

यावर उपाय क्रमांकांचा नाद सोडून प्रसंगांचे खुंट ठोकण्याचा. हे प्रसंग पाचही अनुवादांत चुकत नाहीत: रोस्तेवानची शिकार, गुहेत तारिएलच्या कहाणीची सुरुवात, ख़ाताएथीवरची स्वारी, ख़्वारज़्मच्या नवरदेवाचा वध, पुढे मित्र होणाऱ्या फ्रिदोन राजाची भेट, अवथांदिलने निघताना राजाला लिहून ठेवलेलं मृत्युपत्र, सिंह आणि वाघ यांना मारल्याचा प्रसंग, गुलानशारो हे व्यापाऱ्यांचं शहर, काज या जादूगार लोकांच्या किल्ल्यातून आलेलं नेस्तानचं पत्र, आणि तीनशे माणसं घेऊन तारिएल, अवथांदिल आणि फ्रिदोन या तिघांनी तीन दरवाज्यांवर केलेला हल्ला. प्रत्येक पुस्तकात या पानांवर रंगीत चिठ्ठ्या लावाव्यात. दोन चिठ्ठ्यांमधलं अंतर एवढं कमी राहतं की कडवं पाच मिनिटांत सापडतं. पाठभेद म्हणजे काय हे आधी आपल्या भाषेत बघायचं असेल तर सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) पाठभेद दिलेली ज्ञानेश्वरी आणून एक अध्याय चाळावा. पुढचं आपोआप समजतं.

कॉफिनबाईंचा अनुवाद घ्यायचा तो छंदासाठी. रुस्थावेलीच्या छंदाला ‘शाइरी’ म्हणतात. ओळीत सोळा अक्षरं, आठांवर यती म्हणजे थांबा, आणि कडव्याच्या चारही ओळींना एकच यमक. याचे दोन प्रकार आहेत. उंच शाइरीत अक्षरं ४-४-४-४ अशी पडतात, सखल शाइरीत ५-३-५-३. पहिली ओळ अशी आहे:

रोमेलमान शेख्म्ना साम्क़ारो, जालिथा मिथ ज्लिएरिथा

(यातला ज ‘जहाज’मधला.) आठ आणि आठ. आता तुकोबांचा अभंग म्हणून बघा. ‘जे का रंजले गांजले’: जे-का-रं-ज-ले पाच, गां-ज-ले तीन. ‘त्यासि म्हणे जो आपुले’: पुन्हा पाच आणि तीन. सखल शाइरीचीच चाल. पुढे ‘तोचि साधु ओळखावा’, इथे चार आणि चार, म्हणजे उंच शाइरीचा तुकडा. दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण ही आठ-आठची चाल आपल्या कानात लहानपणापासून बसलेली आहे. टाळावर अक्षरं मोजणाऱ्याला शाइरी शिकवावी लागत नाही. रोज अर्धा तास जॉर्जियन ध्वनिमुद्रण ऐकताना बोटांवर आठ मोजले तरी यती कुठे पडते ते आठवडाभरात कळायला लागतं.

यमक मात्र आपल्यापेक्षा कडक आहे. या पहिल्या कडव्यात चार ओळींचे शेवट असे: ज्लिएरिथा, मोनाबेरिथा, फेरिथा, मिएरिथा. ‘-एरिथा’ ही तीन अक्षरं चारही वेळा जशीच्या तशी. सखल शाइरीत यमक तीन अक्षरांचं, उंच शाइरीत दोन अक्षरांचं. कॉफिनबाईंनी इंग्रजीत सोळा अक्षरं आणि चारही ओळींचं एक यमक दोन्ही पाळलं आहे. सोळाशे कडवी असं करणं हे अफाट काम आहे, आणि मोठ्याने वाचलं तर काव्याची धाव पहिल्यांदा इथेच जाणवते. त्याची किंमतही द्यावी लागते. जॉर्जियनमध्ये विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या शेवटी येतात, त्यामुळे यमक फुकट मिळतं. मराठीतही ‘-ले’, ‘-वा’ असे शेवट सहज जुळतात. इंग्रजीत ती सोय नाही, म्हणून ओळ भरायला आणि यमक गाठायला मुळात नसलेले शब्द येतात. एखादं विशेषण आवडलं तर ते रुस्थावेलीचं आहे की यमकाचं, हे वॉर्ड्रॉपमध्ये तपासल्याशिवाय कुठेही उद्धृत करू नये.

उलटंही होतं, हे लक्षात ठेवावं. त्याच पहिल्या कडव्याची तिसरी ओळ: देवाने आम्हा माणसांना जग दिलं, ते ‘उथ्वालावी फेरिथा’. उथ्वालावी म्हणजे न मोजता येणारं, फेरी म्हणजे रंग. अगणित रंगांचं जग. वॉर्ड्रॉपबाईंच्या इंग्रजीत तिथे अनंत विविधतेचं जग येतं. अर्थ चुकलेला नाही, पण रंग गेला. या काव्यात माणिक, गुलाब, शाईसारखे डोळे, स्फटिकाचे गाल पानापानावर येतात, आणि त्या सगळ्याची दोरी पहिल्याच कडव्यातल्या या एका शब्दाला बांधलेली आहे. शब्दशः अनुवादसुद्धा एकट्याने पुरत नाही, तो इथे.

राहिले तिघे. व्हेनेरा उरुशाद्झे यांचा १९६८ चा त्बिलिसीत छापलेला पद्य अनुवाद, डेव्हिड लँग यांच्या प्रस्तावनेसह. जॉर्जियन बाईने केलेला आहे, त्यामुळे शब्दार्थाच्या शंकेला उपयोगी. जुन्या पुस्तकांच्या बाजारातच मिळतो. १९७७ मध्ये दोन गद्य अनुवाद आले. कॅथरीन व्हिव्हियन यांचा मोकळा आणि वाचायला सगळ्यात सुखाचा आहे. घरात कुणाला फक्त गोष्ट हवी असेल तर तोच द्यावा; अभ्यासाला मात्र कडव्यांची चौकट नसल्याने कामाचा नाही. आर. एच. स्टीव्हन्सन यांचा अभ्यासू आहे, भाषा मुद्दाम जुन्या सरदारी वळणाची. ज्याची इंग्रजी पक्की नाही त्याला कोशाशिवाय जड जाईल.

पाचही अनुवाद एकाच ठिकाणी कसाला लावायचे तर शीर्षकाचा शब्द घ्यावा. ‘वेफ्ख़ी’ आणि ‘त्क़ाओसानी’, म्हणजे वेफ्ख़ीचं कातडं ल्यालेला. मुळात वीर, सरदार, माणूस यांपैकी एकही शब्द नाही. इंग्रजी अनुवादकांनी आपापल्या पसंतीने कुणी ‘माणूस’, कुणी ‘सरदार’, कुणी ‘स्वामी’ जोडला. मराठीत ती गरजच पडत नाही. ‘व्याघ्रांबरधारी’ हा एक समास काम करतो.

पण वेफ्ख़ी म्हणजे नेमकं कोण? आजच्या जॉर्जियनमध्ये ‘वेफ्ख़्वी’ म्हणजे पट्टेरी वाघ. इंग्रजीवाले बिबट्या जातीच्या प्राण्याचं नाव घेतात. रशियन अनुवादकांपैकी बालमोंत बिबट्या म्हणतो, ज़ाबोलोत्स्की वाघ. यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला आहे. निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला तो वाद लगेच समजेल, कारण उसात शिरलेल्या बिबट्याला तिथेही ‘वाघ आला’ असंच म्हणतात. एका शब्दात दोन्ही प्राणी मावतात. रुस्थावेलीच्या शब्दालाही बहुधा तेवढीच ऐसपैस जागा असावी, असं आमचं मत.

त्या कातड्याचं कारण तारिएल स्वतः सांगतो: वेफ्ख़ी ही त्याला नेस्तानची प्रतिमा वाटते, म्हणून तिचं कातडं अंगावर. पुढे अवथांदिल त्याला शोधत येतो तेव्हा तो अर्धमेला पडलेला, शेजारी सिंह आणि वेफ्ख़ी मारलेले. दोघं आधी प्रेमिकांसारखे खेळत होते, मग भांडले. सिंहाने तिला छळलेलं न बघवून त्याने सिंहाला मारलं. तलवार टाकून वेफ्ख़ीला कवेत घेतलं, प्रियेच्या आठवणीने तिचं चुंबन घ्यायला गेला. ती गुरगुरली, पंजाने फाडू लागली. त्याने तिला उचलून आपटलं. आणि मग त्याला नेस्तानशी झालेलं भांडण आठवलं. जॉर्जियनमध्ये लिंगभेदच नाही, सर्वनाम एकच. तो, ती की ते, हा निर्णय प्रत्येक अनुवादकाला स्वतः घ्यावा लागतो, आणि त्या एका निर्णयाने प्रसंगाचा सगळा सूर ठरतो. वर लिहिताना मराठीतही ‘ती’ निवडावंच लागलं. पुस्तक विकत घेण्याआधी आतलं काही बघायला मिळत असेल तर हे पान बघावं. अनुवादकाने इथे घाई केली असेल तर ती बाकीच्या पुस्तकातही केलेली असते.

समीक्षेत सुरुवातीला दोनच गोष्टी पुरेत. डोनाल्ड रेफील्ड यांच्या जॉर्जियन साहित्याच्या इतिहासातलं रुस्थावेलीवरचं प्रकरण (पहिली आवृत्ती १९९४) आणि मॉरिस बाव्रा यांचा १९५५ च्या निबंधसंग्रहातला लेख. रेफील्ड मूळ भाषा जाणून लिहितात आणि जॉर्जियन अभिमानाला न भुलता लिहितात, म्हणून आधी ते. हे काव्य शेक्सपिअरपर्यंत पोचलं होतं, असं एल्गुजा ख़िन्थिबिद्झे यांनी नेटाने मांडलं आहे. ते वाचावं, पण शेवटी, आणि पुरावा कडव्या-कडव्याने तपासत. कवीच्या चरित्राच्या मागे फार लागू नये. जेरुसलेमच्या क्रॉस मठातल्या खांबावर त्याचं नाव असलेलं भित्तिचित्र १९६० मध्ये जॉर्जियन विद्वानांना सापडलं. अशा तुरळक खुणांपलीकडे हातात फारसं काही नाही.

वाचनाचा वेग बैठकीला वीस कडवी, त्याहून जास्त नको. आठवड्याला दोन बैठका धरल्या तर चाळीस आठवडे लागतात. आधी वॉर्ड्रॉप टीपांसह, मग तीच वीस कडवी कॉफिनमधून मोठ्याने. उपोद्घाताची तीसेक कडवी मात्र पहिल्या दिवशी घेऊ नयेत. त्यांत देव, राणी, कवितेचं शास्त्र आणि मिज्नुरीची लक्षणं एकामागून एक येतात, आणि कशाचाच संदर्भ अजून झालेला नसतो. रोस्तेवानपासून सुरुवात करावी आणि तारिएलची कहाणी संपली, कातड्याचं कारण कळलं, की मग पुन्हा पहिल्या पानावर यावं.